मंदी आली तर मूर्ती लहान करा, स्वस्त करू नका



गेल्या महिन्यात खोपोलीला बचत गटाच्या महिलांचं एक दिवसाचं ट्रेनिंग घेतलं. विषय होता दर कसा ठरवायचा. जेवणाच्या सुट्टीत एक ताई डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्या गौरीचे मुखवटे रंगवतात, मखरं करतात. हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही सगळं बरोबर सांगता. पण लोकांच्या हातात पैसाच नसेल तर पहिली काट आमच्यावरच येते ना? दूध बंद होत नाही, मोबाईलचा रिचार्ज बंद होत नाही. मखर बंद होतं."

खरं सांगते, त्यांना तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. वेळ मारून नेली. या विषयावर मी एकदा जोरात आपटलेली आहे आणि ते सगळं डब्यातली भाजी संपेपर्यंत सांगून होणारं नव्हतं. म्हणून आज लिहितेय. व्हिडिओत यातलं निम्मंच आलंय.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. माझं दुकान कुंभिवलीत आहे, सावरोली-खारपाडा रस्त्याला लागून. स्टेशनरी, गिफ्ट, पूजेचं सामान. श्रावणापासून अर्धं दुकान गणपतीच्या मूर्तींनी भरलेलं असतं. आमच्या या रस्त्याने सरळ खाली गेलात की खारपाडा, आणि तिथून पुढे हमरापूर, जोहे, कळवे, मग पेण. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राचे आणि परदेशातल्या कितीतरी घरांचे गणपती जिथे घडतात तो भाग माझ्यापासून स्कूटीवर पाऊण तासावर आहे. माझे मूर्तिकार काका हमरापूरच्या बाजूचे. त्यांचं नाव सांगत नाही, त्यांना आवडायचं नाही.

पेणचा धंदा आतून कसा चालतो ते आधी थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याला वाटतं गणपतीचं काम दोन-तीन महिन्यांचं. तसं नाही. विसर्जन झालं की थोडी विश्रांती आणि लगेच साचे निघतात. शाडूची माती गुजरातेतून, भावनगरकडून येते. साच्यातून काढणं, जोड काढणं, वाळवणं, घासणं, मग पांढरा हात, मग रंग आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. काही कारखाने नुसती कच्ची मूर्ती करतात, न रंगवलेली, आणि ती दुसऱ्या गावचे कारखानदार घेऊन जाऊन रंगवतात. परदेशी जाणारा माल जहाजाने जातो, म्हणून तो पावसाळ्याच्या आधीच निघायला लागतो. म्हणजे कारखानदाराचा पैसा वर्षभर मातीत अडकलेला, आणि सुटतो तो भाद्रपदातल्या दहा-पंधरा दिवसांत. कॅश फ्लोचं यापेक्षा अवघड उदाहरण मला बीबीएच्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

आता 2020 कडे येते.

त्या वर्षी फेब्रुवारीत मी काकांना 110 मूर्तींची ऑर्डर दिली आणि 60 हजार रुपये आगाऊ दिले. त्यातल्या 18 मूर्ती अडीच फुटी होत्या, पीओपीच्या. आमच्या रस्त्यावरच्या कंपन्यांत गणपती बसतो, सोसायट्या आहेत, त्यांच्यासाठी. बाकीच्या शाडूच्या, घरगुती. मार्चमध्ये लॉकडाऊन. दुकान बंद. रस्त्यावरच्या कंपन्या बंद. यूपी-बिहारची मुलं चालत, ट्रकने, मिळेल त्या मार्गाने गावी गेली. माझे मिस्टर पॅकेजिंगच्या कंपनीत आहेत, त्यांचा पगार निम्म्यावर आला. मे महिन्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीच्या मूर्तींविरुद्ध सूचना काढल्या. माल तयार आहे म्हणून त्या वर्षापुरती सूट मिळाली, पण धाकधूक सुरू झाली. मग 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ. रायगडकरांना वेगळं सांगायला नको. काकांच्या कारखान्याचे पत्रे उडाले. कच्ची शाडूची मूर्ती भिजली की काय होतं माहितीये? काही होत नाही. परत माती होते. चार महिन्यांचं काम एका दुपारी चिखल.

काकांचा फोन आला. म्हणाले, "पोरी, राहिलेल्या पैशातले थोडे आत्ता देशील का? पत्रे टाकायचेत. बाकीचा माल वाचवायला हवा."

आणि मी काय म्हणाले? "काका, आधी माल, मग पैसे. सध्या माझंच अवघड आहे."

अवघड होतंच, खोटं नव्हतं. पण बँकेत 40 हजार होते. मी ते दाबून बसले होते. काकांनी शेवटी बायकोचे दागिने गहाण ठेवून पत्रे टाकले, हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही दुसऱ्याकडून.

पुढे पावसाळ्यात सरकारचा नियम आला: सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत, घरगुती दोन फुटांपर्यंत. कंपन्या बंदच होत्या, सोसायट्यांनी हात वर केले. माझ्या 18 अडीच फुटी मूर्ती एका दिवसात विकता न येणारा माल झाल्या. चतुर्थी 22 ऑगस्टला होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुकान उघडलं तेव्हा 110 पैकी बुकिंग होतं 31 चं. दरवर्षी या वेळेला पाट लागायला जागा नसते दुकानात. मी घाबरले, आणि घाबरलेला दुकानदार जे करतो तेच केलं. बाहेर बोर्ड लावला: सर्व गणेशमूर्तींवर 30% सूट.

आमच्या गावातल्या एक आजी पाट घेऊन आल्या होत्या. बोर्ड वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "देवाला सेल लावलास होय गं?"

मी हसण्यावारी नेलं. रात्री हिशोब केला तेव्हा हसू गेलं. तुम्हीही करून बघा. एक फुटी शाडूची मूर्ती मी 2,000 ला विकत होते. खरेदी 1,300. टेम्पो, पेंढा, फूटतूट मिळून 150. म्हणजे माझे सुटायचे 550. तीस टक्के सूट म्हणजे गेले 600. प्रत्येक मूर्तीमागे मी 50 रुपये पदरचे घालत होते. जितकी जास्त विक्री, तितका जास्त तोटा! क्लासमध्ये हेच गणित मी फळ्यावर दहा वेळा लिहिलं असेल. भीती वाटायला लागली की फळा आठवत नाही.

पण मंडळी, 50 रुपयांचा तोटा ही छोटी गोष्ट. खरा फटका 2021 ला बसला. तेच गिऱ्हाईक, तीच मूर्ती. "ताई, गेल्या वर्षी चौदाशेला दिलीत की. यंदा दोन हजार कसे?" त्यांना माझी अडचण, सूट, कोविड काही लक्षात नव्हतं. चौदाशे हा आकडा लक्षात होता. कलेच्या वस्तूचं हे असं आहे. साखरेचा भाव पेपरात येतो. मूर्तीचा भाव कुठे येतो? गिऱ्हाईक तुमच्याकडे बघूनच ठरवतं की याची किंमत किती. तुम्हीच चौदाशे म्हणालात, तर ती चौदाशेचीच. तो दर पुन्हा दोन हजारांवर न्यायला मला 2023 उजाडलं.

आणि काकांपर्यंत बोर्डाची बातमी गेलीच. ते भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी माल दुसरीकडे बघ." भांडले असते तर बरं झालं असतं.

काकांनी काय केलं

त्याच वर्षी, त्याच पत्र्याखाली, काकांनी काय केलं ते मला नंतर कळलं आणि आज मी ट्रेनिंगमध्ये जे शिकवते त्यातलं निम्मं तिथून आलेलं आहे.

त्यांनी एक फुटीचा दर एक रुपयाने उतरवला नाही. वाचलेल्या मातीतून सात इंची मूर्ती केल्या. साचा छोटा, माती कमी, वाळायला कमी दिवस, टेम्पोत दुप्पट बसतात. पण आखणी तीच, त्याच माणसाच्या हातची. ज्याला दोन हजार परवडत नाहीत त्याला ती हजारात मिळायची, आणि देवाच्या डोळ्यांकडे बघितलं की कुणी म्हणालं नसतं की ही मंदीतली मूर्ती आहे. माझ्या हिशोबाने बघा: खरेदी 650, वरखर्च 80, विक्री 1,000. सुटतात 270. रुपयात कमी आहेत, पण टक्क्यात एक फुटीच्या जवळजवळ तेवढेच. आणि पुढच्या वर्षी गिऱ्हाईकाच्या हातात पैसे आले की ते पुन्हा एक फुटीकडे जातं, दराची कटकट न करता. कारण एक फुटीचा दर कधी हललेलाच नसतो.

दुसरी गोष्ट. त्यांच्याकडे आखणीचा एक कारागीर आहे, पन्नाशीचा. लॉकडाऊनमध्ये काकांनी भरणी-घासणीची माणसं थांबवली, पण याला निम्मा पगार देत राहिले, काम नसतानाही. मला तेव्हा हे वेडेपण वाटलं असतं. पण 2022 ला उंचीची बंधनं उठली, ऑर्डरी एकदम वाढल्या, तेव्हा इतर दोन कारखानदार आखणीवाल्यांच्या शोधात फिरत होते. त्यांचे कारागीर कुणी वॉचमन झाले होते, कुणी टमटम चालवत होते आणि तिथेच रमले. रंगाचा माणूस दोन महिन्यांत तयार होतो. डोळे काढणारा होत नाही. तुमच्या धंद्यात असा 'डोळे काढणारा' कोण आहे हे ज्याला माहीत नाही, तो मंदीत चुकीच्या माणसाला कमी करतो. शिवणकामात तो कटिंग मास्टर असेल, मिठाईत पाक बघणारा. आणि एकट्याचा धंदा असेल तर तो माणूस तुम्ही स्वतः आहात, म्हणून हात चालू ठेवा, विक्री असो वा नसो.

माझ्या त्या 18 पैकी 11 अडीच फुटी मूर्ती काकांनी परत घेतल्या बरं का. माझ्यावर रागावलेले असताना. दोन वर्षं झाकून ठेवल्या, 2022 ला नव्याने रंगवून विकल्या.

हे आजचं नाही

काकांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. पण असंच एकदा मराठी रंगभूमीवर घडलेलं आहे आणि मला ती गोष्ट फार आवडते, म्हणून थोडी लांबण लावते.

बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी 1913 ला सुरू झाली. भरजरी शालू, उंची अत्तरं, मखमलीचे पडदे, मोठा बिऱ्हाडासारखा संसार: नट, साथीदार, आचारी, गडीमाणसं. प्रेक्षकाला उत्तमच द्यायचं, खर्चाकडे बघायचं नाही. कलाकार म्हणून तो माणूस केवढा मोठा! पण धंदा म्हणून बघाल तर खर्च कमी करायची जागाच ठेवली नव्हती. कर्ज चांगल्या दिवसांतच लाखांच्या घरात गेलं होतं. मग 1929 नंतर जगभर महामंदी. त्यात 1931 ला 'आलम आरा' आला, पहिला बोलपट, आणि 1932 ला प्रभातचा 'अयोध्येचा राजा', मराठीतला. कमी पैशात गाणी, गोष्ट, सगळं पडद्यावर. नाटक कंपन्या एकामागून एक बसल्या. नाटकांची थिएटरं सिनेमाला गेली. खुद्द बालगंधर्वांनी 1935 ला प्रभातच्या 'धर्मात्मा'त काम केलं. एका वेळी दोन संकटं: लोकांकडे पैसा कमी, आणि समोर स्वस्त पर्याय. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे मंदीही आहे आणि मोबाईलही आहे.

मग नाटक मेलं का? नाही. 1933 ला 'आंधळ्यांची शाळा' आलं, 1941 ला मो. ग. रांगणेकरांनी नाट्यनिकेतन काढलं आणि 1942 ला 'कुलवधू' गाजलं. रांगणेकरांनी काय केलं? प्रवेश कमी, पडदे बदलायचा खटाटोप कमी, राजवाड्याऐवजी मध्यमवर्गीय घराचा दिवाणखाना, रात्रभर चालण्याऐवजी आटोपशीर नाटक, मोजकी गाणी. पण ती गाणी गायला ज्योत्स्ना भोळे आणि चाली मास्टर कृष्णरावांच्या. म्हणजे सेटवर काटकसर, गळ्यावर नाही. सात इंची मूर्ती, आखणी तीच!

बघा, मी नाटकातली जाणकार नाही. जुने रसिक म्हणतील की रांगणेकरांनी वैभव घालवलं. असेल. पण प्रेक्षक परत आला.

सगळ्याच कलांना हा उपाय लागू पडत नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल मॅडम एकच औषध सगळ्यांना देतात. तमाशाचा फड घ्या. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात आणि सुपाऱ्या ठरतात. फडमालकाने त्याआधीच कलाकारांना उचल दिलेली असते, बऱ्याचदा व्याजाने पैसे काढून. ती यात्रांच्या हंगामात फिटते. 2020 चा पाडवा कधी होता आठवतंय? 25 मार्च. देशभर लॉकडाऊन लागला त्याचा पहिलाच दिवस. राहुट्या उठल्या, यात्रा रद्द, आणि पुढचं वर्षही तसंच गेलं. शंभर माणसांचा फड सात इंची कसा करणार? ढोलकीवाला काढायचा की सोंगाड्या? तिथे फडमालकाची अक्कल पुरत नाही, तिथे सरकारने उभं राहायला लागतं. अमेरिकेत महामंदीत 1935 ला सरकारने चित्रकारांना, नटांना पगारावर घेतलं होतं, शाळा-पोस्ट ऑफिसांच्या भिंती रंगवून घेतल्या. आपल्याकडे फडांना अनुदान आहे, पण दोन हंगाम गेलेल्या माणसाला ते कितीसं पुरणार.

आपल्या छोट्या उद्योजकांच्या कामाची एक सरकारी गोष्ट मात्र सांगते. 17 सप्टेंबर 2023 पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. 18 पारंपरिक व्यवसाय आहेत त्यात, मूर्तिकार आणि कुंभार दोन्ही. पाच टक्के व्याजाने आधी 1 लाख, ते नीट फेडलं की पुढे 2 लाख, तारण नाही. हत्यारांसाठी 15 हजारांपर्यंत वेगळे. सीएससी सेंटरवर नोंदणी होते. पण हा पैसा चांगल्या दिवसांत मागून ठेवा. पत्रे उडाल्यावर कर्जाचा फॉर्म भरत बसू नका.

आणि मंदी फक्त बाजारातून येते असं समजू नका. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपी बंदी कडक राबवायला सांगितलं तेव्हा पेण भागात हजारो मूर्ती तयार होऊन पडल्या होत्या. जूनमध्ये बनवायला-विकायला मोकळीक मिळाली, नैसर्गिक पाण्यात विसर्जन नाही या अटीवर. त्या मधल्या महिन्यांत ज्यांच्याकडे फक्त पीओपी होतं त्यांची झोप उडाली होती. शाडू, पीओपी, कच्चा माल, रंगवलेला माल असं थोडं थोडं सगळं ठेवणारे काका शांत होते. कच्च्या मूर्तीवर त्यांचा फार जीव. म्हणतात, "रंग लावला की मूर्ती त्या सालाची होते. कच्ची कुठल्याही सालाची."

खोपोलीच्या ताईंना आता उत्तर देता येईल. ताई, मखर बंद होत नाही. मोठं मखर बंद होतं. तुमचं जे सगळ्यात चांगलं काम आहे, मुखवट्याचे डोळे-ओठ म्हणा, तेवढ्यावर ठाम राहा आणि बाकी सगळं लहान करून बघा. पाच फुटी मखराऐवजी नुसती कमान. गौरीच्या जोडीऐवजी जुने मुखवटे पुन्हा रंगवून द्यायचं काम. त्याला माल लागत नाही, हात लागतो. दर पत्रकात जुन्या वस्तूंचा दर तसाच ठेवा, विकली जावो न जावो. सूट द्यायचीच झाली तर पैशात देऊ नका, घरपोच द्या, हप्ता द्या. हे बोलताना माझा बोर्ड माझ्या डोळ्यांसमोर आहे.

काकांकडे 2022 ला गेले. हातात पुढच्या वर्षाचे पूर्ण पैसे होते, आगाऊ नाही, पूर्ण. माफी मागायला जमली नाही, पैसेच पुढे केले. त्यांनी मोजले नाहीत. फक्त विचारलं, "बोर्ड काढलास ना?"

त्या आजी गेली दोन वर्षं सात इंची नेत होत्या, मुलाची नोकरी गेलेली. गेल्या श्रावणात पाट घेऊन आल्या, पाटावर विडा-सुपारी ठेवली आणि म्हणाल्या, "यंदा एक फुटी दे. किती झाले?"

"दोन हजार चारशे, आजी."

"वाढवलेस की."

"माती वाढली."

त्यांनी कनवटीतून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि पाट भिंतीला टेकवून ठेवला, रांगेत अठ्ठाविसावा.